कोल्हापुरात सहा महिन्यांचं बिऱ्हाड

शिरोली एमआयडीसीत काम निघालं की घर शोधायच्या आधी नकाशा उघडावा. शहर आणि शिरोली यांच्यामध्ये पंचगंगा आहे. गावाचं पूर्ण नावच पुलाची शिरोली. एरवी तो पूल कधी आला आणि कधी गेला हे गाडीत बसलेल्याला कळतही नाही. पण २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये महामार्गावर पाणी आलं आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर रस्ता काही दिवस बंद राहिला. राहायला शहरात आणि कामाला शिरोलीत अशी माणसं अलीकडं अडकली, मशिनरी पलीकडं. म्हणून मुक्कामात जुलै-ऑगस्ट येत असतील आणि काम सोडून चालण्यासारखं नसेल, तर निदान तेवढ्या दिवसांसाठी शिरोलीच्या बाजूला कुणाकडं तरी पथारी टाकायची सोय आधी बोलून ठेवावी. घर मात्र शहरातच बघावं, कारण उरलेल्या महिन्यांत डबा, दवाखाना, स्टँड आणि बाजार सगळं इकडंच आहे.

गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत काम असेल तर पंचगंगा आड येत नाही. मग उजळाईवाडी, आर. के. नगर, विद्यापीठाचा परिसर, सायबर चौक, राजारामपुरी ही बाजू सोयीची. शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या फौंड्रीत किंवा मशिन शॉपमध्ये काम असेल तर राजारामपुरीतून चालतही जाता येतं. कंपनीची बस असेल तर ती कोणत्या चौकात थांबते हे आधी विचारायचं आणि त्या चौकापासून पायी दहा मिनिटांच्या आत घर बघायचं. पहाटे सहाच्या शिफ्टला रिक्षा शोधत उभं राहण्याचा कंटाळा आठवड्याभरात येतो.

चौकांच्या नावांचं एक सांगून ठेवतो. ‘तावडे हॉटेलला उतरा’ म्हणाले तर तिथं खोली मिळेल असं समजू नका. तो महामार्गावरून शहरात शिरायचा चौक आहे. ‘कावळा नाका’ म्हणजे पाटीवरचा ताराराणी चौक. मध्यवर्ती बसस्थानकाला सगळे सीबीएस किंवा नुसतं स्टँड म्हणतात. घराचा पत्ता घेताना पाटीवरचं आणि तोंडातलं, दोन्ही नावं लिहून घ्या. कुरिअरवाला दुसऱ्या नावानंच येतो.

आता शहराच्या आतलं पाणी. नदीकाठ टाळला म्हणजे झालं, असं नाही. जयंती नाला शहराच्या पोटातून जातो आणि नदी फुगली की नाल्याचं पाणी पुढं जायचं सोडून मागं सरकतं. त्यामुळं नदीपासून बऱ्यापैकी लांब वाटणाऱ्या गल्ल्यांतही पाणी शिरतं. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नरचा परिसर, रमणमळा, नागाळा पार्काचा काही भाग यांची नावं दर मोठ्या पुरात निघतात. त्याच नागाळा पार्कात उंचवट्यावरची सोसायटी कोरडी असते आणि दोन गल्ल्या सोडून पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी असतं, त्यामुळं भागाचं नाव ऐकून निर्णय घेऊ नये. ‘२०१९ला पाणी कुठवर आलं होतं?’ हा प्रश्न घरमालकाला नको, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारावा. तो हातानं उंची दाखवतो.

‘आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आम्हाला काय करायचंय’ हे म्हणणं खरं नाही. इमारतीचा मीटर बोर्ड आणि पाण्याची मोटर बहुतेक ठिकाणी तळाला पार्किंगमध्ये असते. पार्किंगमध्ये पाणी शिरलं की महावितरण वीज तोडतं, मोटर बंद पडते आणि तिसऱ्या मजल्यावरचा माणूस कोरड्या घरात अंधारात, बिनपाण्याचा बसतो. मीटर बोर्ड नेहमीपेक्षा बराच वर नेलेला दिसला तर दोन अर्थ: इथं पाणी येऊन गेलंय, आणि इमारतीतली माणसं शहाणी झालीत.

पावसाळ्यात कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी सगळ्या शहराच्या फोनवर दिवसभर फिरत असते, फूट आणि इंचांत. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पस्तिशी ओलांडून पाणी चढत राहिलं आणि पाऊस थांबायचं नाव घेत नसला, की पिण्याचं पाणी भरून ठेवायचं, गाडीत पेट्रोल टाकायचं, चार दिवसांचं किराणा आणायचं. २०१९ला बालिंगा आणि शिंगणापूरची उपसा केंद्रंच पाण्यात गेली होती आणि चहूकडं पाणी असताना नळ कोरडे होते. पुढं २०२३मध्ये काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईननं पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात आलं, तरी घरात एक ड्रम हवाच. शंभर लिटरचा, झाकणाचा, खाली तोटी बसवलेला. एकट्याला तो काटकसरीनं तीन दिवस पुरतो.

घर बघायला लोक संध्याकाळी कामावरून सुटल्यावर जातात. ती वेळ चुकीची. पाणी येण्याच्या वेळेला जावं, मग ते पहाटे का असेना. गेटवरच्या माणसाशी बोलणं असं होतं:

‘मामा, पाणी कधी सुटतं इथं?’

‘सकाळी साडेपाचला सुटतंय. मोटर लावली तर वर चढतंय, न्हाय तर खालीच ऱ्हातंय.’

‘मोटर कोण लावतं?’

‘मी हाय तवर मी. दिवाळीला गावाकडं गेलो की ज्येनं त्येनं.’

एजंटनं ‘चोवीस तास पाणी’ म्हणून सांगितलेलं असतं. त्याचा अर्थ या चार ओळींत कळतो: गच्चीवरच्या टाकीत पाणी असेल तोवर चोवीस तास. खालची टाकी किती लिटरची, फ्लॅट किती आणि मोटर दिवसातून किती वेळा चालते, एवढं विचारलं की बाकी हिशेब आपण करू शकतो. दोघांच्या घराला अडीचशे-तीनशे लिटर रोजचं धरलं आणि बारा फ्लॅटांना खालची टाकी पाच हजारांची असली, तर एक दिवस पाणी आलं नाही की दुसऱ्या दिवशी टँकर.

शहराच्या हद्दीचीही भानगड आहे. कोल्हापूरची हद्दवाढ हा वर्षानुवर्षांचा वाद, त्यामुळं रस्त्याच्या एका अंगाला महापालिका आणि दुसऱ्या अंगाला ग्रामपंचायत असं चित्र पाचगाव, उचगाव, उजळाईवाडी या बाजूंना दिसतं. इमारती सारख्याच, भाडं थोडं कमी, पण पाणी वेगळ्या योजनेचं आणि बऱ्याचदा बोअरचं. बोअरचं पाणी जड असतं. नळाच्या तोंडाशी पांढरी खपली, बेसिनवर दुधट डाग, साबण लावला तर फेस नाही, ही त्याची खूण. स्वयंपाकघरात योजनेच्या पाण्याचा वेगळा नळ आहे का ते बघायचं. असेल तर पिण्याचं पाणी आणि डाळ शिजवायचं पाणी तिथलं. बोअरच्या पाण्यात तूरडाळ कुकरच्या नेहमीच्या शिट्ट्यांत शिजत नाही. दोष डाळीचा नसतो.

पाण्याचा दाब बघायला नळ नुसता सोडून बघू नका. वीस लिटरची बादली नळाखाली ठेवायची, स्वयंपाकघरातला नळ सोडायचा, फ्लश ओढायचा आणि मग बादली किती वेळात भरते ते बघायचं. चार-पाच मिनिटांत भरली तर ठीक. दहा मिनिटं लागली तर घर गच्चीवरच्या टाकीला लागूनच, शेवटच्या मजल्यावर आहे किंवा पाईप क्षारानं धरलेत. पहिल्याला इलाज म्हणजे दाब वाढवणारा छोटा पंप, दुसऱ्याला नाही.

एप्रिल-मेमध्ये घर घेणाऱ्याची फसगत ओलीत होते. तेव्हा सगळ्या भिंती कोरड्या आणि नव्या रंगाच्या. कोल्हापूरचा पाऊस पश्चिमेकडून, तिरका येतो, म्हणून पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या बाहेरच्या भिंती हातानं चाचपाव्यात. तळव्यानं नको, हाताच्या मागच्या बाजूनं, गारवा लवकर कळतो. फरशीपासून फूटभर उंचीपर्यंत रंगाला बारीक फोड आलेत का, पांढरी भुकटी सुटते का, कपाटाच्या मागं आणि कपाटाच्या आत कोपऱ्यात बघायचं. चार खोल्यांत एकच भिंत नव्यानं रंगवलेली असेल तर का, ते विचारायचं. वरच्या फ्लॅटच्या बाथरूमखाली आपलं काय येतं ते बघून त्या छतावर पिवळट वर्तुळ आहे का ते पाहावं. शेवटचा मजला एप्रिलमध्ये तापतो पण डोक्यावर कुणाचं बाथरूम नसतं. सहा महिन्यांच्या हिशेबानं जून ते नोव्हेंबर राहायचं असेल तर मधला मजला, नोव्हेंबर ते एप्रिल असेल तर शेवटचा चालतो.

पेठांमध्ये, म्हणजे शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, महाद्वार रोडच्या आसपास, जुनी घरं स्वस्त आणि शेजार भरलेला. पण चारचाकी असेल तर तो विचार सोडा, आणि नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती दुचाकीही लांब लावावी लागते. खिडकीखाली तालीम असेल (इथं आखाड्याबरोबर गणपतीचं मंडळ आणि फुटबॉलचा संघही तिचाच) तर गणपतीचे दिवस आणि फुटबॉलचा हंगाम, दोन्ही आपल्या घरात. काहींना हेच आवडतं.

घर पसंत पडलं की विजेचा मीटर. महावितरणच्या बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक लिहून घ्या, मागची थकबाकी ऑनलाइन दिसते. मग खाली मीटर बोर्डपाशी जायचं आणि तो क्रमांक त्याच मीटरचा आहे का ते जुळवायचं. जुन्या इमारतींत दोन फ्लॅटांचे मीटर आपसांत बदललेले सापडतात आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता नसतो. तपासायला सोपं आहे: एकानं वर फ्लॅटचा मेन स्विच बंद करायचा, दुसऱ्यानं खाली मीटरवरचा लाल दिवा बघायचा. लुकलुकणं थांबलं पाहिजे. काही मीटरवर भार नसताना दिवा सतत लागून राहतो, तो ठीक. पण मेन बंद असूनही लुकलुकत असेल तर जिन्याचा दिवा, पार्किंगचा पंखा किंवा शेजाऱ्याचा फ्रिज आपल्या मीटरवर आहे, नाही तर तो मीटरच दुसऱ्याचा. मग मेन चालू करून फक्त गिझर लावायचा. मीटरवर ३२०० इम्पल्स लिहिलेलं असेल तर एका युनिटला दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. दोन किलोवॅटच्या गिझरला मिनिटाला साधारण १०७ वेळा. एवढं मोजायची गरज नाही, पण गिझर लावताच दिवा सपाट्यानं लुकलुकायला लागला म्हणजे मीटर आपलाच.

‘लाइट बिल वरच्यांबरोबर निम्मं निम्मं’ असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. घरगुती दर टप्प्यांनी चढतो: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३००ला वेगळा, पुढं आणखी. एकटा माणूस शंभरच्या आत राहू शकतो. दोन घरं एका मीटरवर आली की दोघंही महागड्या टप्प्यात.

कागदपत्रांत लोक सर्वात जास्त घाई करतात. ‘सहा महिन्यांसाठी कशाला रजिस्टर, साध्या स्टॅम्पवर नोटरी करू’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसताना वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. घरमालकाला हे शेवटचं शांतपणे सांगितलं की तो स्वतःच ‘रजिस्टर करून टाकू’ म्हणतो.

खर्च वाटतो तितका नाही. मुद्रांक शुल्क म्हणजे पूर्ण मुदतीचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के, या बेरजेवर पाव टक्का. समजा भाडं १२,००० आणि डिपॉझिट ५०,०००. अकरा महिन्यांचं भाडं १,३२,०००, डिपॉझिटवरचे ४,५८३, बेरीज १,३६,५८३, पाव टक्का ३४१ रुपये, शंभरात पूर्ण करून ४००. हाच करार सहा महिन्यांचा केला तर २००. नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००. म्हणजे सहाऐवजी अकरा महिने लिहिल्याचे २०० रुपये जास्त. ते द्यावेत. सहा महिन्यांचं म्हणून आलेलं काम आठ महिन्यांवर जाणं ही कारखान्यातली रोजची गोष्ट, आणि मुदत संपून राहणाऱ्याला कलम २४ खाली दुप्पट भाडं मोजावं लागू शकतं. अकरा महिने लिहायचं, त्यात ‘पहिले दोन महिने कुणीही सोडायचं नाही, नंतर एक महिन्याची नोटीस’ ही अट घालायची. एजंटच्या छापील मसुद्यात लॉक-इन, म्हणजे ही न सोडायची मुदत, बऱ्याचदा सहा किंवा अकरा महिन्यांचा टाकलेला असतो. तो आकडा वाचल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही.

अंगठाच म्हणतो कारण नोंदणी ऑनलाइन होते, आधारवर ठसा आणि फोटो घेऊन. इथं अडतं ते तीन ठिकाणी. पहिलं, आधारचं बायोमेट्रिक आपणच कधीतरी लॉक केलेलं असतं. आदल्या रात्री ॲपमधून उघडून ठेवावं. दुसरं, ठसाच जुळत नाही. वयस्क घरमालक, आणि वाळू-लोखंडात हात घालणारी फौंड्रीतली माणसं, दोघांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या. साबणानं हात धुऊन कोरडे करायचे, अंगठ्याऐवजी दुसरी बोटं देऊन बघायची. तिसरं, मिळकतीचा क्रमांक चुकतो आणि दुय्यम निबंधकाकडून दस्त परत येतो. सिटी सर्व्हे नंबर आणि मिळकत क्रमांक घरमालकाच्या आठवणीतून लिहू नका, घरपट्टीच्या पावतीवरून लिहा. दोन साक्षीदार लागतात, त्यांचीही आधार कार्डं हवीत. नवख्या गावात साक्षीदार कुठून आणणार? कंपनीतले दोघं आधी सांगून ठेवावेत. इथल्या बऱ्याच कारखान्यांची सुट्टी रविवारी नसून सोमवारी असते, आणि सरकारी कचेऱ्या, बँका सोमवारी उघड्या. ही कामं सोमवारला लावावीत.

करार कंपनीच्या नावावर करायचा की आपल्या, हे हिशेब विभागाला आधी विचारा. जीएसटी नोंदणी असलेल्या कंपनीनं राहतं घर भाड्यानं घेतलं तर १८ जुलै २०२२पासून त्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी कंपनीला स्वतः भरावा लागतो, घरमालक नोंदणीकृत नसला तरी. नोकरदारानं स्वतःच्या नावावर राहण्यासाठी घेतलं तर नाही. मात्र घरभाडे भत्त्याची सूट घ्यायची असेल आणि वर्षाचं भाडं एक लाखावर जात असेल तर घरमालकाचा पॅन लागतो. तो करारातच येतो, नंतर मागत बसावं लागत नाही. पोलिसांकडं भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरली जाते. ते काम घरमालकाचं, पण पोच आपण मागून घ्यायची.

डिपॉझिट बँकेतून द्यायचं आणि किल्ली घेतल्याच्या तासाभरात सगळं घर फोनवर चित्रित करायचं. सामान आत येण्याआधी. नुसतं खोल्यांतून फिरू नका. बेसिनची भेग, ट्रॉलीचा निखळलेला बिजागर, गॅसच्या कट्ट्यावरचा डाग, दाराच्या कुलपाच्या किल्ल्या किती, मीटरचं रीडिंग, एवढं जवळून घ्या आणि त्याच दिवशी घरमालकाला पाठवा, ‘काका, आज घर ताब्यात घेतलं, ही स्थिती’ एवढ्या एका ओळीसह. समोर घरमालकीणबाई असल्या आणि ‘थांबा, मी खाली येऊन बघतो’ म्हणाल्या तर चक्रावू नये. कोल्हापुरी बोलीत बायका स्वतःबद्दल असंच बोलतात.

गिझरचा प्लग काढून सॉकेट बघावं. भोकांभोवती तपकिरी झालेलं असेल तर सॉकेट बदलूनच वापरावं. तीन लिटरचा इन्स्टंट गिझर तीन किलोवॅटचा, तेरा अँपिअर ओढतो, त्याला सोळा अँपिअरचा पॉइंट लागतो. पंधरा लिटरचा दोन किलोवॅटचा असेल तर वीसेक मिनिटांत पाणी कढत व्हायला हवं. तापताना खडखड आवाज येत असेल तर कॉइलवर क्षार चढलेत. ती आतल्या आत जास्त तापते आणि आपल्या मुक्कामातच जळते. पहिल्या आठवड्यात सांगितलं तर खर्च मालकाचा, चौथ्या महिन्यात सांगितलं तर वाद. गच्चीवर सोलर असेल तर पहिलं पाणी गारच येणार. पाईपमधलं थंड पाणी आधी निघतं, वरच्या मजल्याला दोन तांबे, खालच्याला अर्धी बादली. ते फरशी पुसायला धरावं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र सोलर असून नसल्यासारखा.

गॅसचं पूर्ण कनेक्शन सहा महिन्यांसाठी हलवत बसू नये. ओळखपत्रावर मिळणारा पाच किलोचा सिलिंडर घ्यावा, एकट्याच्या चहा-नाश्ता आणि एक वेळच्या स्वयंपाकाला तीन ते चार आठवडे जातो. घेताना कड्याच्या पट्टीवर रंगवलेलं अक्षर आणि वर्ष बघायचं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘बी-२८’ म्हणजे जून २०२८पर्यंत चाचणीची मुदत. ती उलटलेली असेल तर बदलून मागावा. घरमालकाच्या शेगडीची नळी वाकवून बघा, वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या तर पहिली खरेदी नळीची. जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचं. काडी ओढून नव्हे.

झोपायला सहा बाय तीनची कापसाची गादी गादीवाल्याकडं करून मिळते. पण पावसाळ्यात ती जमिनीवर टाकली की महिन्याभरात खालून ओल धरते आणि वास येतो. लोखंडी घडीची कॉट घ्या, जुनी चालते. कपाटात चामड्याचे बूट आणि पट्टा बंद ठेवला की बुरशी येते, बाहेर वाऱ्यावर राहू द्यावं. कपडे वाळत नाहीत, म्हणून कामाचे गणवेश दोनऐवजी चार आणावेत.

इंटरनेटसाठी इमारतीत आधीच कुणाची फायबर आलीय ते बघून त्याच्याकडूनच जोडणी घ्यायची. दुसऱ्याला केबल ओढायला लावली की आठवडा जातो. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की वीज गेल्यावरही मिटिंग चालू राहते.

खाण्याची कोल्हापुरात चिंता नाही, फक्त पोटाची आहे. खानावळीचा डबा लावताना ‘मध्यम तिखट’ असं सांगावं लागतं, आणि ते मध्यमही इथलंच असतं. किराणा दुकानात ‘चटणी’ मागितली तर कांदा-लसूण मसाला मिळतो. ताटात डावीकडं वाढायची चटणी मनात असेल तर तसं सांगा. बऱ्याच खानावळी रविवारी रात्री बंद. भाजीला लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार आहे. भांडी-फरशीला मावशी त्याच इमारतीत येणाऱ्या बघाव्यात, आणि तुमची शिफ्ट आठवड्याला बदलत असेल तर ते पहिल्याच दिवशी सांगावं. दाराला कुलूप बघून दोनदा परत गेलेल्या मावशी तिसऱ्यांदा येत नाहीत.

घर सोडायचं ठरलं की नोटीस लेखी द्यायची, मेसेज चालतो, पण तारीख त्यात हवी. शेवटच्या दिवसापर्यंतचं वीजबिल तेव्हा हातात नसतं, म्हणून मालकासमोर मीटरचं रीडिंग घेऊन युनिटप्रमाणे हिशेब करून टाकायचा. डिपॉझिटमधून ‘रंगाचे पैसे’ कापायची पद्धत आहे. करारात तशी अट नसेल तर पहिल्या दिवशीचं चित्रण काढायचं आणि भिंतीला भिंत लावून दाखवायची. खिळे मारलेले असतील तर भोकं पांढऱ्या पुट्टीनं बुजवायला पन्नास रुपयांचा माल पुरतो, ते आपणच करावं. पैसे खात्यात आल्यावर किल्ली, सगळ्या प्रतींसह. पाच किलोचा सिलिंडर पावती असेल तर वितरक परत घेतो. इंटरनेटवाल्याचा राउटर त्याला देऊन पोच घ्यावी. गादी-कॉटला कंपनीतलाच पुढचा माणूस मिळतो. ड्रम टाकून देऊ नका, गेटवरच्या मामांना विचारा. पावसाळ्याच्या तोंडाला त्याला गिऱ्हाईक असतंच.